राजारामचं वजन

गिरगाव,
२ फेब्रुवारी १९५९

सौ. कौसल्याबाई तांबे यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. आपला पत्ता मी सामन्यांच्या समितीकडून मागून घेतला. गेल्या रविवारी काळाचौकीच्या मैदानात हुतूतूचे सामने झाले. त्यात आपल्या राजारामने माझ्या बंडूला धरलं आणि त्याच्या अंगावर पडला. बंडूचं हासळीचं हाड मोडलं आहे. हात गळ्यात आहे आणि अजून त्याला कूस बदलता येत नाही.

मी तिथे होते. बंडू चढाई करून परत फिरला होता, मधली रेघ हातभर राहिली होती. राजारामने मागून मिठी घातली. हाड मोडल्याचा आवाज मला दोरीपलीकडे ऐकू आला. मैदानात एवढा गलका होता, तरी आला.

बंडू तेरा वर्षांचा. वजन चौऱ्याहत्तर पौंड. आपला मुलगा त्याच्या दीडपट तरी असेल. तो सोळा वर्षांखालच्या गटात कसा बसतो हे मला समजत नाही. वय चौदा सांगितलं आहे म्हणतात. माफ करा, माझा विश्वास बसत नाही. त्याला पुन्हा लहान मुलांत उतरवू नये असं मी समितीला लिहिलं आहे. त्याच्या वडिलांनी एकदा आमच्याकडे येऊन जावं. दुसऱ्याच्या मुलाचं हाड मोडल्यावर बापमाणसाने तेवढं तरी करावं.

सुमती अच्युत नवलकर


काळाचौकी,
६ फेब्रुवारी १९५९

सुमतीबाई यांना कौसल्या तांबेचा जयभीम.

पाकिटावर सौ. लिहिलंत. मी सौ. नाही. राजारामचे वडील छप्पनच्या जानेवारीत लालबागला गोळीबारात गेले. ज्या हुतात्म्यांच्या नावाने ते सामने होते, त्यांच्या नावांचा फळा मैदानाच्या तोंडाशीच लावला होता. त्यात सीताराम तांबे हे नाव आहे. तेव्हा ते काही तुमच्याकडे यायचे नाहीत.

वयाचं म्हणाल तर गोदीत स्फोट झाला तेव्हा राजाराम माझ्या पोटात होता. मांडणीवरची भांडी खाली आली आणि मी पोटावर हात धरून जिन्यात बसले. आता वर्षं तुम्हीच मोजा. अंगाने तो बापावर गेलाय. दहाव्या वर्षी माझ्या खांद्याला लागला. यात त्याचा गुन्हा कुठला? नियम वयाचा होता, त्यात तो बसत होता. धरायला शिकवलं, त्याने धरलं. पंचांनी शिट्टीसुद्धा मारली नाही.

तुमच्या पोराचं वाईट वाटतं, खोटं नाही सांगत. तो आवाज तुम्हाला दोरीपलीकडून आला. राजारामच्या छातीखाली झाला तो. त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून निजतो. चाळीतली पोरं त्याला हत्ती म्हणायची. आता हाडमोड्या म्हणतात.

कौसल्या सीताराम तांबे


गिरगाव,
१० फेब्रुवारी १९५९

श्रीमती कौसल्याबाई यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून मला कुठे तोंड लपवावं कळेना. मी तो फळा पाहिला होता. हारही पाहिले. नावं वाचली नाहीत. त्या जानेवारीत आमच्या वाडीच्या तोंडाशीही गोळ्या चालल्या होत्या. मी बंडूला घेऊन, खिडक्या लावून मोरीत बसले होते. आमच्या घरी सगळे परत आले.

वडिलांबद्दल लिहिलं ते विसरा असं कोणत्या तोंडाने म्हणू? वयाचा शब्द मागे घेते. वजनाचा मात्र घेत नाही, कौसल्याबाई. त्यात राजारामचा दोष नाही, हे आता मला पटतं. पण दोष कुणाचाच नसला तरी हाड मोडतंच.

बंडू सारखा विचारतो, तो मुलगा रागावलाय का माझ्यावर? मी म्हटलं, तो कशाला रागवेल? तर म्हणतो, मी त्याला खेळातून काढायला लावलं ना. राजारामला रविवारी दुपारी आमच्याकडे पाठवा. दोघं एकमेकांना बघतील, तेवढंच बरं वाटेल.

सुमती नवलकर


काळाचौकी,
१७ फेब्रुवारी १९५९

सुमतीबाई,

पाठवला होता. धुतलेला सदरा घालून गेला. केस पाण्याने चापून बसवले होते. वाटेत बंडूसाठी केळी घेतली.

तुमच्याकडच्या म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. नाव विचारलं. तांबे म्हटल्यावर "ये बाळ, बस" म्हणून खुर्ची दिली. मग कुठले तांबे, गाव कुठलं, राहता कुठे, घरात देव कोणते. त्याने सांगितलं, आमच्या घरी भगवान बुद्धाची तसबीर आहे. मग त्याला उठवलं. तो जिना उतरत होता तेव्हा वर खुर्ची धुण्याचा आवाज येत होता. बंडू आतून हाका मारत होता म्हणे, कोण आलंय, कोण आलंय म्हणून.

केळी त्याने परत आणली. मला म्हणाला, "आई, घरी कुणी नव्हतं." खरं काय ते त्याच्या धाकट्या बहिणीने, रखमाने, त्याच्याकडून काढून घेतलं आणि मला सांगितलं.

वजनाचा शब्द मागे घेत नाही म्हणालात. तसले मागे न घेतलेले शब्द आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. यापुढे पत्र नको.

कौसल्या तांबे


गिरगाव,
२० फेब्रुवारी १९५९

कौसल्याबाई,

पत्र नको म्हणालात तरी हे एक लिहिते. मी औषध आणायला ठाकूरद्वारला गेले होते. उशीर झाला. परत आले तेव्हा खुर्ची गॅलरीत उन्हात ठेवलेली होती. बंडू तोंड फिरवून पडला होता. मला कुणी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आपलं पत्र आलं तेव्हा समजलं.

सासूबाईंशी माझं भांडण झालं. लग्नाला सोळा वर्षं झाली, पहिल्यांदाच मी त्यांना उलटून बोलले. हे पेपर तोंडापुढे धरून बसले. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आलेला माणूस आपल्याच घरात आईसमोर एक शब्द बोलू शकला नाही.

मी आपली आणि राजारामची क्षमा मागते. उत्तर आलं नाही तर मी समजेन.

सुमती


गिरगाव,
३ सप्टेंबर १९५९

कौसल्याबाईंना सप्रेम नमस्कार.

इतके महिने धीर झाला नाही. आज लिहिते आहे, कारण ही गोष्ट आपल्याला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

बंडूचं हाड जुळलं. तो पुन्हा खेळतो. आणि समितीने नवा नियम केला आहे. येत्या जानेवारीच्या सामन्यांत सोळाखालच्या गटात शंभर पौंडांच्या आतलेच गडी उतरतील. सामन्याच्या सकाळी प्रत्येकाचं वजन होईल. त्याहून भारी असेल त्याने मोठ्यांत खेळावं. माझं फेब्रुवारीतलं पत्र समितीपुढे यांनीच वाचून दाखवलं. हेही समितीत आहेत.

हा नियम राजारामच्या विरोधात नाही, एवढं माना. दुसऱ्या कुठल्या आईला ते ऐकायला लागू नये, जे मी ऐकलं, म्हणून आहे.

सुमती


काळाचौकी,
२० नोव्हेंबर १९५९

सुमतीबाईंना जयभीम.

लिहिणार नव्हते. राजाराम रोज विचारतो, बंडूचं हाड सरळ जुळलं का वाकडं? म्हणून लिहिते.

नियम आमच्या मंडळातही कळला. कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर सगळ्या पोरांना घातलं. राजाराम एकशेपंधरा पौंड भरला. मोठ्यांत खेळावं म्हणता. मोठ्यांत कोण असतात ठाऊक आहे? गिरणीतले पंचवीस-तिशीचे गडी. पंधरा वर्षांच्या पोराने त्यांच्यापुढे उतरायचं? तुमचा बंडू माझ्या पोराच्या तावडीतून सुटला, ठीक झालं. माझ्या पोराला तुम्ही कुणाच्या तावडीत दिलंत?

पण राजारामला खेळायचंच आहे. बापाच्या नावाचे सामने आहेत. मंडळाचे नाना त्याला शिकवतात. ते म्हणाले, जानेवारीपर्यंत शंभरात आणतो. आता सकाळ-संध्याकाळ पळतो. अंगाने उतरलाय. मी गिरणीतून येते तोवर त्याचं जेवण झालेलं असतं, नानांकडे खातो म्हणतो.

एक गोष्ट मात्र आहे. तो मैदानात उतरतो, पण कुणाला धरत नाही. गडी समोरून गेला तरी हात पाठीमागे घेऊन उभा राहतो. नाना म्हणतात, वजन उतरलं की भीतीही उतरेल. बघू.

कौसल्या


गिरगाव,
८ डिसेंबर १९५९

प्रिय कौसल्याबाई,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र आलं याचा किती आनंद झाला म्हणून सांगू! हाड सरळ जुळलं आहे असं राजारामला सांगा. तो नेमाने पळतो, अंगाने उतरतो आहे, हे वाचून फार बरं वाटलं. तब्येतीलाही ते चांगलंच. नियमाचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. शंभरावरची मुलं तशी थोडीच आहेत असं हे म्हणतात, आणि राजाराम आत आला म्हणजे तोही प्रश्न सुटला.

बंडूने राजारामला एक ओळ लिहायला सांगितली आहे. "तू धर. मी आता पडायला शिकलोय."

जानेवारीत मैदानावर भेटू. मी आपल्याला शोधून काढीन.

सुमती


परळ,
१२ जानेवारी १९६०

सुमतीबाई,

राजाराम इथल्या इस्पितळात आहे. मी बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

नानांकडे तो जेवत नव्हता. कुठेच जेवत नव्हता. त्याच्या वाटणीची भाकरी रखमा खात होती. आईला सांगितलंस तर मला खेळता येणार नाही, असं तिला बजावलं होतं. मला कमरेची हाडं दिसत होती. मी नानांना विचारलं तर म्हणाले, "गडी तयार होतोय, बाई." मी विश्वास ठेवला. ठेवायला बरा वाटला.

शेवटी काट्यावर एकशेतीन भरला. तीन पौंड राहिले. मग पाणी तोडलं. अंगाला घोंगडी गुंडाळून भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारत होता, घामाने उतरावं म्हणून. नाना कडेला उभे राहून "अजून एक, अजून एक" करत होते. तिथेच कोसळला. आणला तेव्हा बोटं आखडून गेली होती. लघवी होत नाही. मूत्रपिंडाला धक्का बसलाय का ते उद्या-परवा कळेल, असं डॉक्टर म्हणतात. सलाईन लावलंय.

मघाशी जरा शुद्धीवर आला. मी म्हटलं, "कशाला रे असं केलंस?"

म्हणाला, "आई, मला बंडूएवढं व्हायचं होतं."

नियम तुमचा आहे. येऊन बघून जा.

कौसल्या


गिरगाव,
१६ जानेवारी १९६०

कौसल्याबाई,

मी बंडूला घेऊन आले, बसले, आणि आपण माझ्याशी बोलला नाहीत. राजारामचे हात चादरीवर होते. वर्षभर मी त्या हातांचा विचार करत होते. एवढ्या मोठ्या पंज्यांवर नखं मात्र लहान मुलाची, खाल्लेली. ती मी आजच पाहिली.

आपण डॉक्टरांकडे गेलात तेव्हा बंडू कॉटवर चढून बसला. राजारामने विचारलं, "दुखतं का रे अजून?" बंडू म्हणाला, "गारठ्यात थोडं. तुला?" राजाराम म्हणाला, "मला काही लागलं नाही, मी नुसता पडलो." मग बंडू त्याला म्हणाला, "मला तुझ्याएवढं व्हायचंय आणि तू वेड्यासारखा काय करतोस?" राजाराम बघतच राहिला. त्याच्यासारखं व्हायचंय असं त्याला आजवर कुणी म्हटलं नसावं.

नाना जिन्याखाली बसले होते. मला म्हणाले, "पोराची हौस होती हो, मला वाटलं आपण मदत करतोय." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. जमलं नाही. मीही तेच समजत होते.

घरी येऊन यांना विचारलं, शंभरावरच्या मुलांचं काय करायचं, याचा समितीत विचार झाला होता का? म्हणाले, "कुणी विचारलंच नाही." आपण विचारलं होतं, नोव्हेंबरात. मी ते वाचलं आणि आनंदाचं उत्तर लिहिलं.

नियम काढून टाका म्हणून समितीला सांगू का? आपण म्हणाल ते करते. त्याला लघवी झाली का, तेवढं कळवा. कार्डावर दोन अक्षरं पुरेत.

सुमती


काळाचौकी,
२ फेब्रुवारी १९६०

सुमतीबाई,

कार्ड मिळालंच असेल. पोरगा घरी आला. मूत्रपिंड वाचलं. ताक पितो, मऊ भात खातो, चालताना भिंत धरतो. मी कामावर जाऊ लागले. रखमाला सांगितलंय, दादाने ताट पुढे सरकवलं तर ओरडून चाळ गोळा कर.

तुम्ही विचारलंत त्यावर मी खूप विचार केला. आधी रागात म्हटलं, जळो तो नियम. पण नियम काढलात तर उद्या दुसऱ्या एखाद्या बंडूचं हाड मोडेल, आणि ते माझ्या पोराच्या हातून मोडेल. मग तो कायमचा मोडला.

नियम काढू नका. त्यात जागा करा. शंभराच्या आतले एक. शंभराच्या वरचे, पण सोळाच्या आतले, त्यांचा वेगळा गट. मोठे मोठ्यांत. आणि वजन एकदाच नको. महिनाभर आधी एकदा आणि सामन्याच्या सकाळी एकदा. मधे पोरगं फार उतरलं असेल तर त्याला खेळवू नये, आणि त्याच्या शिकवणाऱ्याला जाब विचारावा. हे नानाही मान्य करतात. त्यांनीच मला म्हटलं, बाई, असं काहीतरी लिहा, मला लिहायला तोंड नाही.

समितीची बैठक दुपारची असते, माझी पाळी असते. तुम्ही सांगा. पण "एका गरीब बाईचं म्हणणं" म्हणून सांगू नका. नाव घेऊन सांगा.

कौसल्या सीताराम तांबे


गिरगाव,
१५ मार्च १९६०

कौसल्याबाई,

काल बैठक झाली. घडलं तसं सांगते.

मी उभी राहिले. आपलं नाव आधी सांगितलं, मग म्हणणं वाचलं. अध्यक्ष म्हणाले, "विचार ठीक आहे, पण एवढे दांडगे पोरगे आणायचे कुठून? एक संघ व्हायला सात लागतात." मागून कुणीतरी म्हणालं, "हुतूतू हा मर्दानी खेळ आहे. आयांचं ऐकत बसलो तर पोरांना पत्त्यांचे डावच शिकवावे लागतील." हशा पिकला.

मी म्हटलं, "जो मुलगा इस्पितळात होता, त्याच्या वडिलांच्या नावाचा फळा तुम्ही दरवर्षी मैदानात लावता. हार घालता. त्या मुलाला मैदानात जागा नाही, असं फळ्यावर लिहून टाका."

मग हे उठले. मला वाटलं, मला खाली बसवायला उठले. म्हणाले, "मागच्या नियमाचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं. तेव्हा काय राहून गेलं ते मला दिसलं नाही. आता हा ठराव मी मांडतो." गेल्या वर्षी पेपर धरून बसलेला माणूस!

वजन दोनदा घेण्याचं ताबडतोब मान्य झालं. गटाबद्दल म्हणाले, एप्रिलअखेर चार संघ जमवून दाखवा. नवं राज्य होईल तेव्हाच्या सामन्यांत हा गट खेळवू. नाही जमले तर विषय संपला. म्हणजे काम आपल्यावर टाकलं. गिरगावातून एक संघ मी आणते. बाकी परळ, लालबाग, काळाचौकी तुमच्याकडे.

सासूबाई मला अजून नीट बोलत नाहीत. ते तसंच चाललंय.

सुमती


काळाचौकी,
३ मे १९६०

सुमतीबाईंना कौसल्याचा जयभीम.

परवा तुम्ही बंडूच्या सामन्यामुळे तिकडे अडकलात, म्हणून सगळं लिहिते.

चार संघ कसे जमले ते माझं मलाच नवल वाटतं. सुटी झाली की मी आणि नाना चाळी धुंडाळायचो. पोराची आई म्हणायची, आमचा नाही खेळत. मी म्हणायचे, भारी आहे म्हणून नाही ना खेळत? मग आतून कुणीतरी दार भरून यायचा. एक तर माझ्याहून हातभर उंच, मिशा फुटलेल्या, आणि आईच्या पदराआडून बोलत होता. सगळी अशीच घरात बसलेली. कुणाला खेळात घेत नव्हते, कुणाच्या आईने घाबरून सोडलं नव्हतं. तुमच्या गिरगावच्या पोरांचीही तीच कथा, असं त्यांच्यातला एकजण म्हणाला.

आदल्या रात्रीपासून लालबागमधे रोषणाई, ढोल, पेढे. बायका मला कुंकू लावायला थांबवत होत्या आणि मग आठवून हात मागे घेत होत्या. मिळाला महाराष्ट्र. मी फळ्यापाशी जरा उभी राहिले आणि मैदानात गेले.

सकाळी वजन झालं. राजाराम एकशेअठरा भरला. मागच्या वजनाहून दोन पौंड जास्त. नानांनी काट्याकडे बघून हात जोडले.

आमची पहिली गाठ तुमच्याच गिरगावशी. राजाराम उभा राहिला आणि हात पाठीमागे घेतले. त्यांचा गडी आला, दोघांना शिवून गेला. परत आला, पुन्हा गेला. पोरं ओरडत होती, "धर, राजा, धर!" हा दगडासारखा. मला वाटलं, उठावं आणि त्याला घरी न्यावं. कशाला हा सगळा घाट घातला आपण?

मग त्याची चढाई आली. जायचं तर होतंच. दम धरून रेघ ओलांडली आणि सवयीने सरळ आत घुसला. आजवर त्याला कुणी अडवू शकलं नव्हतं. त्या गिरगावच्या पोरांनी अडवला. एकाने पायाला मिठी घातली, एकाने कमरेला, तिसरा वरून आला. सुमतीबाई, माझं पोरगं झाड पडावं तसं पडलं. तिघं त्याच्या अंगावर. मी दोरी ओलांडली होती, नानांनी मला दंडाला धरून ठेवलं. मला कान द्यायचा नव्हता आणि मी कान देऊनच उभी होते.

ती तिघं बाजूला झाली. राजाराम तसाच पडून होता. मग उठला. तोंडभर माती. हाताने चाचपून बघितलं, सगळं जागेवर होतं. त्याला पाडणारा पोरगा घाबरून विचारत होता, "लागलं का रे?" आणि हा हसायला लागला. बाद झालाय, बाहेर जायचंय, शिट्टी वाजतेय, याला भान नाही. माझ्याकडे वळून ओरडला, "आई, मला पाडलं! मला पाडलं त्यांनी!"

सामना आम्ही हरलो. शेवटी-शेवटी त्याने दोघांना धरलं.

कौसल्या